गुलाबी रंग किती वेळ टिकतो

शनिवार, ८ जुलै
छावणीत पोहोचलो. तंबू क्रमांक नऊ, खाट दाराजवळची. धुळीने नाक बंद झालं आहे. घरून आणलेल्या पाण्याच्या चार-चार लिटरच्या बाटल्या मोजून खाटेखाली लावल्या. चोवीस आहेत, दोन आठवड्यांना पुरतील.

ही वही नवी आहे, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. मी एलॉय लुसेरो, वय तेवीस, राखीव सैन्यात शिपाई. महिन्यातून दोन दिवस आणि वर्षातून दोन आठवडे गणवेश घालतो. आमची तुकडी अकरा जणांची. पाणी, स्वयंपाकघर, संडास, माश्या-डास आणि ऊन एवढं आमचं क्षेत्र. बाकीचे आम्हाला संडास-पोलीस म्हणतात. सैनिक गोळीपेक्षा जुलाबाने जास्त आडवे होतात, हे त्यांना माहीत नसतं.

संध्याकाळी कॅप्टन ब्रॅनिगन यांनी बोलावलं. त्या पूर्णवेळ सैन्यातल्या आरोग्य अधिकारी आहेत आणि आमचं काम तपासायला या दोन आठवड्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. निवड झाली तर उरलेली दोन वर्षं कॉलेजचा खर्च सैन्य करेल आणि पदवी मिळाली की मी पर्यावरण आरोग्य अधिकारी होईन. अर्जावर दोन चौकटी आहेत, पूर्णवेळ आणि राखीव. एकीवर खूण करायची. सोबत त्यांचं शिफारसपत्र लागेल.

"शुक्रवारी, एकवीस तारखेला हवाय मला," त्या म्हणाल्या. "आणि लुसेरो, तुझ्या नोंदी मी वाचल्यात. अख्ख्या छावणीत 'हायपोक्लोराइट' बरोबर लिहिणारा तू एकटा आहेस."

खूण कुठे करायची ते माझं ठरलेलं आहे. पूर्णवेळ. जर्मनी, कोरिया, कुठेही. जिथे कोणाला माहीत नसेल की मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि नंतर बाहेरून परीक्षा दिली.

रविवार, ९ जुलै
पाण्याच्या गाड्यांना इथे सगळे म्हैस म्हणतात. चाकांवरची मोठी टाकी, मागे चार नळ. आपल्याकडे अशा पाच आहेत. सार्जंट त्सोसी रोज पहाटे पाचही म्हशींचं पाणी तपासतात आणि मग सगळ्यांदेखत प्रत्येकीचा एक-एक पेला पितात. त्या गेली एकोणीस वर्षं राखीव दलात आहेत. एरवी जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात हॉटेलं तपासतात.

"आकडा तर बघितला ना सार्जंट, मग पेला कशाला?" मी विचारलं.

"आकडा कागदाला लागतो, पोरा. पेला माणसांना. आपण ज्याला चांगलं म्हणतो, ते आधी आपल्या घशाखाली गेलं पाहिजे."

मी मान हलवली. पण खरं सांगायचं तर ही जुन्या लोकांची सवय आहे. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, तपासणीची पुडी टाकायची, गुलाबी रंग आला की रंगपट्टीशी जुळवायचा. जितका गडद रंग तितकं जास्त क्लोरीन. आपल्याला हवा आकडा दोन. यात घशाचा संबंध कुठे येतो?

मंगळवार, ११ जुलै
त्सोसी सार्जंटना आठवड्यासाठी पलीकडच्या छावणीत पाठवलं. पाणी माझ्याकडे! निघताना जीपमधून ओरडल्या, "लुसेरो, पहिला पेला आपला!" तिबदो नावाचा, पाचव्या कंपनीचा लुइझियानाचा आचारी शेजारी उभा होता. तो म्हणाला, "याचा पेला घरून आलाय, सार्जंट. चोवीस बाटल्या, मी मोजल्यात." सगळे हसले. त्याने माझ्या खाटेखाली डोकावायचं कारण नव्हतं.

म्हैस क्रमांक तीनने पहिल्याच दिवशी त्रास दिला. ही पाचव्या कंपनीला पाणी देते. बून नावाचा ड्रायव्हर ती सार्जंट गेल्यावर भरून घेऊन आला. सोबतच्या कार्डावर क्लोरीनचा रकाना कोरा होता, म्हणून मी ठरल्याप्रमाणे क्लोरीनची पावडर टाकली, अर्धा तास थांबलो आणि तपासलं. पुडी टाकल्यावर डोळा मिटावा इतका वेळ गुलाबी झाक दिसली आणि पाणी पुन्हा स्वच्छ. आकडा शून्य. दोनदा केलं, दोनदा शून्य. टाकीत शेवाळ किंवा माती असेल तर ती क्लोरीन खाऊन टाकते, असं पुस्तकात आहे. पुस्तकाप्रमाणे पुन्हा पावडर टाकली. पुन्हा शून्य. आणखी टाकली.

नोंदवहीत सगळं वेळेसह लिहिलं आहे.

बुधवार, १२ जुलै
तीन नंबर आजही शून्य. पुन्हा मात्रा दिली. एवढं क्लोरीन खाणारी ती घाण किती असेल या विचाराने अंगावर काटा आला. मी वेळेत पकडलं म्हणून बरं.

पाचव्या कंपनीची पोरं कुरकुरी आहेत. नळापाशी एकाने मला बघून टॉवेल खांद्यावर टाकला आणि विचारलं, "काय रे, आज पोहायला उतरायचं का?" दुसरा म्हणाला, "माझी कॉफी नवरीच्या गाऊनसारखी पांढरीशुभ्र निघाली." मी ऐकून घेतलं. नाक अजून बंद आहे, त्यामुळे त्यांची कॉफी काय वास मारते ते मला कळायला मार्ग नाही. लोकांना घरच्या नळाचं पाणी लागतं, दुसरं काय.

तीन नंबरच्या नळाखाली माझा तपकिरी टॉवेल धुतला. वाळल्यावर त्यावर पिवळट डाग. सैन्याला कोण इतकं हलकं कापड विकतं, त्याची चौकशी व्हायला हवी.

गुरुवार, १३ जुलै
दुपारी अडीचला पाचव्या कंपनीची लिंडक्विस्ट ही मुलगी चालता चालता कोसळली. ऊन एकशे सहा अंश फॅरनहाइट. अंगावर बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी टाकल्या, शीर शोधून सलाईन लावलं, आता बरी आहे. आणखी चौघांचं डोकं गरगरत होतं. बाकीच्या चार कंपन्यांत मात्र एकही नाही.

कॅप्टन म्हणाल्या, "कारण शोध. उद्या दुपारपर्यंत लेखी."

रात्र पडायच्या आत मी एकवीस जणांना विचारलं. पाचव्या कंपनीत कोणीही दिवसभरात दोन बाटल्यांपेक्षा जास्त पाणी प्यायलेलं नाही. इतर कंपन्यांत सहा-सात. त्यांच्या कचऱ्याच्या पिशवीत मी सोड्याचे, म्हणजे कोल्ड्रिंकचे, एकशे बारा कॅन मोजले. कारण हातात आलं.

शुक्रवार, १४ जुलै
अहवाल दिला. तीन पानं, एक तक्ता. निष्कर्ष असा: पाचव्या कंपनीत गोड पेयांची चटक आणि शिस्तीचा अभाव, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी झालं. उपाय: सोडा बंद, आणि जे पाणी टाळतील त्यांच्यावर लेखी नोंद.

कॅप्टननी तो उभ्याउभ्याच वाचला. "पूर्णवेळचे अधिकारीसुद्धा इतकं स्वच्छ लिहीत नाहीत," म्हणाल्या. छावणीप्रमुख मेजरनी लगेच सोडा बंद केला. आणि संध्याकाळी कॅप्टननी मला तंबूत बोलावून शिफारसपत्राचा मसुदा दाखवला. त्यात माझ्या अहवालाचा उल्लेख आहे, 'असामान्य निरीक्षणशक्ती' असे शब्द आहेत.

दोनदा वाचलं. माझ्याबद्दल असं कोणी आजवर लिहिलेलं नाही.

रविवार, १६ जुलै
काल आणखी दोघे कोसळले. तेही पाचव्या कंपनीचेच. सोडा बंद असूनही. मला वाटलं, लपवून पीत असतील. सकाळी त्यांच्या पिशव्या तपासायची परवानगीही मी मागणार होतो.

आज दुपारी आईला फोन केला. रविवारची प्रार्थना आटोपून ती नुकतीच घरी आली होती. आई महामार्गावरच्या एका मोटेलमध्ये खोल्या आवरते, आणि सहा वर्षांपासून तिथला पोहण्याचा हौदही तीच बघते. जेवलास का, झोपलास का, सगळं विचारून झालं. मग बोलता बोलता मी म्हशीचं सांगितलं. जेमतेम सहावी शिकलेल्या बाईला हे कशाला सांगतोय, असं मनात आलंही.

ती म्हणाली, "थांब. गुलाबी आलंच नाही, की येऊन गेलं?"

"येऊन गेलं. लगेच."

"अरे बाळा, मग कमी कसलं? जास्त झालंय ते! इतकं जास्त की रंगच खाऊन टाकतंय. माझं झालं होतं ना तसं पहिल्या वर्षी. मी आपली ओततेय, ओततेय. एका बाईचा निळा पोहण्याचा पोशाख पांढरा होऊन बाहेर आला. मालक तीन दिवस माझ्यावर ओरडत होता."

मी नोंदवही जवळ ओढली.

"एक पेला ते पाणी घे, नऊ पेले चांगलं पाणी घाल, मग बघ. एलॉय? अरे, कोणी प्यायलं तर नाही ना ते?"

फोन ठेवला आणि धावत गेलो. खाटेखालच्या एका बाटलीचं पाणी नऊ भाग घेतलं, तीन नंबरचं एक भाग. पुडी टाकली. गडद गुलाबी रंग आला, आणि गेला नाही. साडेतीन. म्हणजे टाकीत पस्तीस.

नळांना कुलूप लावलं, 'वापरू नये' अशी पाटी लावली. मग तंबूत येऊन पुस्तक उघडलं. मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, तेच वाक्य आहे: क्लोरीन फार जास्त असल्यास रंग क्षणभर दिसून नाहीसा होतो व वाचन शून्य येते. त्याखाली पेन्सिलीची रेघ आहे. रेघ माझी आहे. पट्टी ठेवून मारलेली.

म्हणजे ती माणसं पाणी प्यायली नाहीत, कारण ते पिण्यासारखं नव्हतंच. घसा जळत होता. त्यांनी सोडा प्यायला, आणि मग मी तोही बंद करवला.

सोमवार, १७ जुलै, सकाळी
पहाटे टाकी रिकामी केली, तीनदा धुतली, भरायला पाठवली. बून सोबत होता. मी विचारलं, आधी काही टाकलं होतंस का? तो म्हणाला, "वाडगाभर टाकली होती की. म्हटलं आठवडाभर बघायला नको. कार्डावर लिहायचं राहिलं." त्याचा वाडगा आणि त्यावर माझी दोन दिवसांची पावडर.

आता टाकी स्वच्छ आहे. नोंदवहीत मी शून्य लिहिलं, आणि वाचन खरोखर शून्यच होतं. एक अक्षरही खोटं नाही. उद्यापासून पोरं पाणी पितील, कोणी कोसळणार नाही, आणि सगळे म्हणतील की सोडा बंद केल्याचा परिणाम. शुक्रवारला चार दिवस आहेत. हे सगळं मी नाश्त्याच्या रांगेत उभा राहून मनात नीट मांडलं.

मग लिंडक्विस्ट समोर आली. हातात कागद होता.

"तूच लुसेरो ना? हे तुझ्या अहवालावरून आलंय. माझ्या फायलीत लेखी नोंद लागली. निष्काळजीपणा." तिचा राग दिसेना, तेच वाईट होतं. "बरोबरच आहे म्हणा. मी प्रयत्न केला होता रे. दोन घोट घेतले की उलटी यायची. मला वाटलं मीच नाजूक आहे. आई म्हणालीच होती, सैन्य तुझं काम नाही."

मी ताट तसंच ठेवलं.

सोमवार, संध्याकाळी
कॅप्टनना सगळं सांगितलं. नळी, पुडी, पट्टीने मारलेली रेघ, टॉवेलचे डाग, सगळं. फक्त हे आईकडून कळलं ते आधी सांगितलं नाही. मग तेही सांगितलं.

त्यांनी माझा अहवाल काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "तो अहवाल मीही वाचला होता. चार कंपन्या ठीक आणि एकच आजारी, तर आधी पाणी बघायचं. हे मला सुचायला हवं होतं. तुझी भाषा इतकी चांगली होती की मी विचारच केला नाही."

"हो मॅडम."

"हो काय म्हणतोस! एक सांग. या पाच दिवसांत तू स्वतः त्या म्हशीचं पाणी प्यायलास का?"

"नाही, मॅडम."

"एक घोटही?"

"नाही."

त्यांनी टेबलावरून शिफारसपत्र उचललं आणि खणात ठेवलं. "हे मला परत लिहावं लागेल. त्यात काय येईल ते आज सांगू शकत नाही. मुलीच्या फायलीतली नोंद आजच काढते. पण कंपनीला तू सांगायचंस. उद्या, हजेरीला."

मंगळवार, १८ जुलै
नव्वद माणसं समोर उभी होती. मी रात्री लिहून काढलेलं भाषण खिशातच राहिलं. म्हणालो, "पाण्यात क्लोरीन जास्त झालं होतं. मी टाकलं होतं. तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं, मी ऐकलं नाही. लिंडक्विस्टची चूक नव्हती, तुमच्यापैकी कोणाचीच नव्हती."

मागून तिबदोचा आवाज, "म्हणजे माझी कॉफी निर्दोष सुटली!"

"तुझ्या कॉफीला जन्मठेपच आहे, तिबदो!" कोणीतरी म्हणालं आणि सगळी रांग हसली. मला हसू आलं नाही, पण श्वास घेता आला.

सार्जंट त्सोसी परतल्या आहेत. त्यांना बातमी वाटेतच कळली होती. त्यांनी मला तीन नंबरपाशी नेलं. तपासलं: गुलाबी, आणि टिकला. मी मनात वीस आकडे मोजले. आकडा दोन. मग त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. पाणी कोमट होतं, टाकीची चव होती. सगळं प्यायलो.

"नाक सुटलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"थोडं."

"ज्या दिवशी नाक बंद असेल, त्या दिवशी दुसऱ्याचं नाक मागून घ्यायचं. त्यात लाज नाही."

उरलेल्या बाटल्या पाचव्या कंपनीत वाटल्या.

गुरुवार, २० जुलै
आज कोणी कोसळलं नाही. कालही नाही. पाचवी कंपनी सहा बाटल्यांवर आली आहे, मी मोजल्यात. सोडा परत सुरू झाला.

दुपारी त्सोसी सार्जंटसोबत माश्यांचे सापळे बदलत होतो. मी विचारलं, तुम्ही पूर्णवेळ का नाही गेलात?

"बोलावलं होतं की. दोनदा." त्यांनी सापळा झटकला. "पण बघ, मी सोमवारी एखाद्या हॉटेलला चांगलं म्हणून शिक्का दिला, तर शनिवारी माझी बहीण तिथे पोरं घेऊन जेवायला बसते. मला त्याची सवय लागली. पूर्णवेळवाले मोठं काम करतात, मोठ्या जागी. त्यांच्यावाचून सैन्य चालणार नाही. पण तू माझ्यासारखं व्हायचं म्हणून काही ठरवू नकोस हं. माझे गुडघे गेलेत."

शुक्रवार, २१ जुलै
कॅप्टननी नवं पत्र दाखवलं. आधीच्याहून आखूड आहे. 'असामान्य निरीक्षणशक्ती' गेलं. आता असं आहे: 'या सैनिकाने एक गंभीर चूक केली. ती कोणाच्याही लक्षात आलेली नसताना त्याने स्वतः शोधली, थांबवली आणि जाहीर केली. अशा चुका पुढेही होतील. त्या सांगणारा अधिकारी मला हवा आहे.'

"स्वतः शोधली नाही, मॅडम. आईने शोधली."

"आईला निवड मंडळापुढे उभं करता येत नाही, लुसेरो." मग त्या थोड्या मऊ झाल्या. "पूर्णवेळवर खूण कर. मी सात छावण्या बदलल्यात. नव्या जागी ही म्हैस कोणालाही माहीत नसेल. कोरी पाटी."

दोन आठवड्यांपूर्वी मला नेमकं हेच हवं होतं. आज ते ऐकताना मला मंगळवारची रांग आठवत राहिली. नव्वद जणांना माझ्याबद्दल सगळ्यात वाईट गोष्ट माहीत आहे, आणि त्यातले निम्मे माझ्याच गावचे आहेत. आज सकाळी ते तीन नंबरपाशी आले, माझ्याकडे बघितलं, बाटल्या भरल्या.

पेन्सिल नाही, पेन घेतलं. राखीववर खूण केली.

कॅप्टननी कागद घेतला, बघितला, सही केली. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या. मला तर वाटलं नव्हतं.

शनिवार, १४ ऑक्टोबर
महिन्याच्या दोन दिवसांसाठी गावातल्या आमच्या सरावाच्या ठिकाणी, शस्त्रागारात हजर. मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते.

गुरुवारी पत्र आलं. निवड झाली. जानेवारीपासून कॉलेज, दोन वर्षांनी अधिकारी, राखीव. आडनावात एक अक्षर चुकलं आहे, दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी पाठवला. आईने विचारलं, "म्हणजे माझा हौद तपासायला तूच येणार का रे?" म्हटलं, नातेवाईकांचे हौद आम्हाला तपासता येत नाहीत. ती म्हणाली, "बरंच झालं. तू फार पावडर टाकतोस."

आज मैदानात म्हैस क्रमांक तीन आणली होती. पाचवी कंपनी बाटल्या घेऊन रांगेत. लिंडक्विस्ट सगळ्यात पुढे. तिच्या बाहीवर बढतीची नवी पट्टी आहे. मी नळीत पाणी घेतलं, पुडी टाकली. ती वाकून बघत होती आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. वीस झाले. रंग तिथेच होता.

"दोन," मी म्हणालो आणि नोंद केली.

कोणीही पुढे सरकलं नाही. मागून तिबदो ओरडला, "काय झालं आता?"

"थांब," लिंडक्विस्ट म्हणाली. "त्याचा पेला राहिलाय."

मी पेला भरला आणि प्यायलो. मग रांग हलली.